हजेरीपट आणि नर्सबाईंची वही

(सावित्रीबाई फुले यांच्या स्मृतीला वाहिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

शाळेच्या ऑफिसात, सावित्रीबाईंच्या तसबिरीच्या आसपास, एक पांढरी पेटी टांगलेली असते. वर लाल रंगाची फुली, कडीला बारीक कुलूप. मैदानात पडून एखाद्या पोराचा गुडघा फुटतो तेव्हा त्या कुलपाची किल्ली शोधायला दोन मुले धावतात. किल्ली मोठ्या बाईंच्या पर्समध्ये असते आणि मोठ्या बाई केंद्राच्या मीटिंगला गेलेल्या असतात. मग गुडघा नळाखाली धरतात आणि खिचडी शिजवणाऱ्या ताई चिमूटभर हळद आणून दाबतात. पेटी उघडलीच, तर आत पिवळा पडलेला कापूस, चिकटपणा गेलेली पट्टी, तळाशी सुकलेली आयोडीनची बाटली आणि मुदत संपलेल्या गोळ्यांचे एखादे पाकीट.

यात एखाद्या गुरुजींना धारेवर धरण्यात अर्थ नाही. पोषण आहाराचा तांदूळ कुणाच्या ताब्यात, मतदार यादीचे काम कुणाकडे, शाळेच्या मीटरचे बिल कोण भरणार, हे सगळे कागदावर ठरलेले असते. पेटी कुणी भरायची ते ठरलेले नसते. शिक्षक म्हणतात, हे आरोग्य खात्याचे. उपकेंद्राच्या सिस्टर म्हणतात, शाळा आमच्या हाताखाली नाही. दोघेही खरेच बोलतात, आणि शाळेतल्या मुलाची गत दोन घरच्या पाहुण्यासारखी होते.

सावित्रीबाईंनी ही हद्द मानली नव्हती. १८४८ मध्ये मुलींना शिकवायला उभ्या राहिलेल्या या शिक्षिकेने १८९७ च्या प्लेगात, मुलगा डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात, रुग्णांची सेवा केली. मुंढव्याच्या वस्तीतले प्लेग झालेले एक पोर त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. शाळाशाळांतल्या तसबिरींत त्यांच्या हाती पुस्तक असते. पाठीवरचे ते आजारी मूल तसबिरीत कधी आले नाही.

पुण्यातच, १९०९ मध्ये रमाबाई रानड्यांच्या पुढाकाराने सेवासदन उभे राहिले. त्या एका संस्थेने स्त्रियांना शिक्षिका होण्याचे शिक्षण दिले आणि ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घ्यायलाही पाठवले. शिकवणे आणि शुश्रूषा ही कामे तिथे एका छपराखाली शेजारी शेजारी होती. पुढे दोघींची खाती वेगळी झाली, दोघींचे साहेब वेगळे झाले, आणि आज एकाच गावात दहा वर्षे नोकरी करूनही बाई आणि सिस्टर एकमेकींना फक्त झेंडावंदनाला भेटतात, असेही घडते.

प्रश्न साधा आहे. आजारी मूल सगळ्यात आधी कुणाला दिसते?

आईला दिसते हे खरे. पण आपल्या मावळ तालुक्यातली आई जून-जुलैत भाताच्या लावणीत असते, नाहीतर लोणावळ्यात कुणाच्या तरी बंगल्यावर भांडी-लादी करत असते. तिच्यानंतर मुलाला रोज उजेडात, इतर मुलांच्या शेजारी बसलेले पाहणारे माणूस म्हणजे शिक्षक. शिक्षण हक्काच्या कायद्याने २००९ मध्ये पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० आणि सहावी ते आठवीसाठी २२० दिवस शाळा भरली पाहिजे, असे ठरवले. म्हणजे किमान दोनशे दिवस एक सुशिक्षित माणूस त्या मुलाकडे पाहत असतो. आरोग्याचे पथक त्याला वर्षातून एक दिवस पाहते. ज्याच्याकडे दोनशे दिवस आहेत त्याला काय पाहायचे ते कुणी शिकवलेले नाही, आणि ज्याला ते येते त्याच्याकडे एकच दिवस आहे. शाळा आणि आरोग्यसेवा यांच्या सहकार्याची सगळी गोष्ट या आकड्यांत आहे.

शाळेत आरोग्यपथक येते ते राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून. हा कार्यक्रम सुरू झाला तोच महाराष्ट्रात, ६ फेब्रुवारी २०१३ रोजी, पालघरला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करायची, त्यांच्यातले जन्मजात दोष, कमतरता, आजार आणि वाढीतले मागेपण हुडकायचे, अशी त्याची आखणी आहे. पथकात दोन आयुष डॉक्टर, एक औषधनिर्माता आणि एक परिचारिका. अंगणवाडीला वर्षातून दोनदा भेट, शाळेला एकदा. कागदावर ही योजना उत्तम आहे, आणि तिच्यामुळे हृदयाला छिद्र असलेली, टाळू फाटलेली, कमी ऐकू येणारी कितीतरी मुले शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचली, हे मोकळेपणाने सांगितले पाहिजे.

पथकाची गाडी येते तो दिवस मात्र जवळून पाहण्यासारखा असतो. वऱ्हांड्यात सतरंजी पडते. वजनकाटा फरशीच्या सपाट जागी सरकवतात, तरी काटा डुगडुगतोच. भिंतीला उंचीची पट्टी. पहिलीची मुले चप्पल काढून रांगेत, आणि सुई टोचणार का, एवढाच त्यांचा प्रश्न. डोळे तपासायचे तर मूल तक्त्यापासून सहा मीटरवर उभे राहायला हवे. वर्गात बाकांमुळे तेवढे अंतर मिळत नाही, म्हणून तक्ता वऱ्हांड्याच्या खांबाला लागतो आणि पावसाळी दिवस असेल तर अंधारून आलेले असते. मोठ्या शाळेत एका दिवसात शंभरावर मुले पाहायची असतात. डॉक्टरांच्या हाती एका मुलासाठी चार-पाच मिनिटे येतात.

त्या चार मिनिटांत बाई शेजारी उभ्या असतील तर? हा मुलगा फळ्यावरचे शेजाऱ्याच्या वहीत पाहून उतरवतो, ही मुलगी दिवाळीपासून खेळाच्या तासाला बसूनच असते, हा हाक मारल्यावर दुसऱ्या हाकेला वळतो, हिचे दर महिन्यात तीन-चार दिवस गैरहजेरीचे असतात, हे सगळे बाईंना तोंडपाठ असते. डॉक्टरांना ते स्टेथोस्कोपमधून ऐकू येणार नाही. पण पुष्कळदा तपासणी चालू असताना बाई ऑफिसात ऑनलाइन माहिती भरत बसलेल्या असतात, कारण तीही आजच संध्याकाळपर्यंत मागितलेली असते. मग पथक रजिस्टर भरून जाते, बाई फॉर्म भरून घेतात, आणि दोन्ही कागदांवर त्याच मुलाचे नाव असूनही ते कागद एकमेकांना कधी भेटत नाहीत.

अंधत्व नियंत्रण कार्यक्रमात यावर एक सोपी तोड काढलेली आहे. डोळ्यांची पहिली चाळणी शिक्षकांनीच करायची, आणि ज्यांना दिसत नाही असे वाटते तेवढ्याच मुलांना नेत्रतंत्रज्ञाने पाहायचे. सहा मीटरची खूण चुन्याने एकदा आखून ठेवली की वर्षभर पुरते. एका सकाळी चौथीचा वर्ग चाळून होतो, आणि पथक आले की बाईंच्या हाती पाच नावांची चिठ्ठी तयार असते. पथकाची चार मिनिटे मग त्या पाचांसाठी दहा-दहा होतात.

तपासणीपेक्षा अवघड काम पुढे असते. समजा, खांडीच्या एखाद्या मुलीच्या हृदयात आवाज ऐकू आला आणि तिला पुण्यात औंधच्या जिल्हा रुग्णालयात दाखवा अशी चिठ्ठी मिळाली. आंदर मावळातले खांडी म्हणजे ठोकळवाडी धरणाच्या वरच्या अंगाला, जवळजवळ घाटमाथ्यावर. तिथून वाहन धरून टाकव्याला, टाकव्याहून कान्ह्याला, कान्ह्याहून लोकल, मग खडकीला उतरून बस. बापाची मजुरी बुडते, आईच्या पाठीवर धाकटे असते, आणि तिथे गेल्यावर कुठल्या खिडकीपाशी उभे राहायचे ते कळत नाही. घरच्यांना मुलीची काळजी नसते म्हणून चिठ्ठी फडताळात राहते असे नाही. ती राहते, कारण चिठ्ठी चालत नाही. तिच्यासोबत कुणीतरी चालावे लागते.

हे न्यूयॉर्कने सव्वाशे वर्षांपूर्वी ओळखले होते. तिथल्या शाळांत डॉक्टर मुले तपासत आणि खुपऱ्या, नायटा, उवा अशा कारणांसाठी त्यांना घरी पाठवत. हातात एक कार्ड देत. स्थलांतर करून आलेल्या आईबापांना ते वाचता येत नसे. मूल शाळेतून निघे, रस्त्यावर त्याच शाळेतल्या मित्रांबरोबर संध्याकाळपर्यंत खेळे आणि शाळेच्या दृष्टीने ते 'आजारी, गैरहजर' असे. ऑक्टोबर १९०२ मध्ये लिलियन वॉल्ड यांच्या हेन्री स्ट्रीट सेटलमेंटने लीना रॉजर्स नावाची एक परिचारिका महिनाभराच्या प्रयोगासाठी दिली. चार शाळा, सुमारे दहा हजार मुले. रॉजर्स शाळेतच जखमा धुऊन पट्ट्या बांधत, मुलाला पुन्हा वर्गात बसवत, आणि शाळा सुटल्यावर त्यांच्या घरी जाऊन आईला समजावून सांगत. सप्टेंबर १९०२ मध्ये दहा हजारांवर मुले आजारापायी शाळेबाहेर काढली गेली होती. पुढच्या वर्षी त्याच महिन्यात ती संख्या अकराशेच्या आसपास आली. डॉक्टर तेच होते, आजार तेच होते. शाळा आणि घर यांच्यामधली वाट कुणीतरी पायी चालू लागले होते, एवढाच फरक.

आपल्याकडेही या कामाची मुळे जुनी आहेत आणि ती एका मराठी राजाच्या घरी सापडतात. सयाजीराव गायकवाडांनी १९०६ मध्ये बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. शाळेतल्या मुलांची वैद्यकीय तपासणी भारतात पहिल्यांदा झाली ती १९०९ मध्ये, बडोदे शहरात. या दोन सालांत तीनच वर्षांचे अंतर आहे, आणि ते अर्थपूर्ण वाटते. ज्या राज्याने मुलाला शाळेत यायची सक्ती केली, त्या राज्यावर ते मूल शाळेत बसण्याइतके धडधाकट आहे का हे पाहण्याची जबाबदारी आपसूकच येते. स्वतंत्र भारताने सक्तीचा कायदा केला तो एका शतकानंतर. मधल्या काळात, १९४६ मध्ये, भोर समितीने देशात शालेय आरोग्यसेवा जवळजवळ नाहीच असा शेरा मारला, आणि १९६० मध्ये रेणुका राय यांच्या अध्यक्षतेखाली शालेय आरोग्य समिती नेमली गेली. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात मैदान आले, स्वच्छतागृह आले, स्वयंपाकाची खोली आली, पिण्याचे पाणी आले. परिचारिका आली नाही.

म्हणून मावळात 'शाळेची नर्स' हा शब्द ऐकला की लोणावळा-खंडाळ्याच्या महागड्या निवासी शाळा डोळ्यांपुढे येतात. जिल्हा परिषदेच्या शाळेची नर्स म्हणजे उपकेंद्राच्या सिस्टर. डोंगराळ आणि आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, सपाटीवर ५,००० मागे एक, असा सरकारी निकष आहे. गरोदर बायांची नोंद, बाळंतपणानंतरच्या भेटी, लसीकरणाची सत्रे, क्षयाच्या गोळ्या, पाणी तपासणी, आणि या सगळ्याची पोर्टलवर नोंद. हे करून, रेनकोट घालून, स्कूटीवर वाड्यावस्त्यांना फिरणाऱ्या या बाईला 'तुम्ही शाळेत का येत नाही' असे विचारणे सोपे आहे. शिक्षकाला 'तुम्ही मुलांच्या तब्येतीकडे का पाहत नाही' असे विचारणेही तितकेच सोपे. दोघांचीही ओझी खरी आहेत. मुलाच्या बाबतीत त्यांनी एकमेकांचे ओझे थोडे हलके करायचे आहे, ही गोष्ट दोघांना एका टेबलापाशी बसवून सांगितली गेलेली नाही.

गोळ्यांचा दिवस घ्या. दहा ते एकोणीस वयाच्या मुलामुलींना आठवड्यातून एकदा लोहाची निळी गोळी, त्याहून लहानांना गुलाबी. वर्षातून ठरल्या दिवशी जंताची गोळी, जी चावून खायची असते. गोळ्या येतात आरोग्य खात्याकडून आणि मुलांच्या हातावर ठेवतात शिक्षक. पोटभर जेवण झाल्यावर द्यायची, आधी शिक्षकांनी मुलांसमोर स्वतः खायची, शौचाला काळे झाले तर घाबरायचे नाही, आजारी मुलाला त्या दिवशी द्यायची नाही. सूचना एवढ्याच. पण त्या पत्रकात येतात, आणि पत्रक फाइलला लागते. एखाद्या मुलाला मळमळले की पालक शाळेच्या दारात येऊन विचारतात, 'मास्तर, काय दिलंत आमच्या पोराला?' या प्रश्नाची भीती शिक्षकाच्या मनात कायम असते. त्यामुळे कुठे गोळ्या वाटल्या जातात पण खाल्ल्या जात नाहीत, कुठे घरी नेऊन खा असे सांगून दिल्या जातात.

ही भीती पोकळ नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये मुंबईत गोवंडीच्या महापालिका शाळेतली एक मुलगी, शाळेत लोहाच्या गोळ्या दिल्यानंतर काही दिवसांनी दगावली. बातमी वस्तीत पसरली आणि शेकडो मुलांना आईबापांनी उचलून रुग्णालयात नेले. राजावाडी रुग्णालयाच्या आवारात पाय ठेवायला जागा उरली नव्हती. शवविच्छेदनात निघाले की मुलीला क्षयरोग होता. त्या दिवसांत सगळी चर्चा गोळी विषारी होती की नाही यावर झाली. खरा प्रश्न मागेच राहिला. क्षय झालेले मूल दिवसेंदिवस वाळत जाते, खोकते, दमते, त्याला ताप येतो. शाळा, घर आणि दवाखाना या तिघांच्या मधून ती मुलगी तशी ये-जा करत राहिली आणि कुणाचा हात कुणाच्या हातात पडला नाही. शिक्षकाने सिस्टरना, 'हिचा खोकला दोन आठवड्यांपासून आहे' एवढे एक वाक्य सांगण्याची रीत तिथे असती, तर निदान तपासणीची वाट उघडली असती.

उलट बाजूही सांगायला हवी. त्याच वर्षी २७ नोव्हेंबरपासून राज्यात गोवर-रुबेलाची मोहीम झाली. नऊ महिने ते पंधरा वर्षे वयाच्या तीन कोटींहून अधिक मुलांना टोचायचे होते, आणि ती मोहीम शाळांतूनच सुरू झाली. मोबाइलवर अफवा होत्या, पालकांचे नकार होते. पण तिथे पालकसभा आधी झाल्या, शिक्षकांना लशीची माहिती मिळाली, सिस्टर वर्गात बसल्या, लस दिल्यावर अर्धा तास मुलांवर नजर ठेवायची खोली ठरली, आणि काही झालेच तर कुणाला फोन करायचा तो नंबर भिंतीवर लागला. दोन खाती एकत्र आली की काय होते, ते महाराष्ट्राने त्या हिवाळ्यात पाहिले. मोहीम संपली आणि ती सवयही मोहिमेबरोबर गुंडाळली गेली, याचे वाईट वाटते.

फेब्रुवारी २०२० मध्ये आयुष्मान भारत योजनेखाली शालेय आरोग्याचा नवा कार्यक्रम आला. प्रत्येक शाळेत दोन शिक्षक 'आरोग्य दूत' म्हणून तयार करायचे, शक्यतो एक पुरुष आणि एक स्त्री. महिनाभरातच कोरोनामुळे शाळांना टाळे लागले. पण मुळातली कल्पना चांगली आहे आणि ती पुन्हा हाती घेण्यासारखी आहे. मावळातल्या दोनशिक्षकी शाळेत दोन दूत म्हणजे अख्खी शाळाच, त्यामुळे नेमणुकीचा वादही नाही.

शाळा म्हणजे फक्त शिक्षक, अशी मात्र समजूत नको. पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंना ठाऊक असते कुणी दोनदा वाढून घेते आणि कुणी भात चिवडून उठते. कुणाच्या घरी रात्री चूल पेटली नाही ते सकाळी त्या मुलाच्या ताटावरून कळते. इंद्रायणी तांदूळ वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात जन्मला आणि महाराष्ट्रभर नावाजला. त्या मावळातल्या मुलाने ताटातला भात टाकला, तर ती गोष्ट विचारण्यासारखीच असते. व्हॅनवाल्या काकांना माहीत असते कोण वाटेत ओकते. शिपाईमामा जाणतात कुठली मुलगी स्वच्छतागृहातून लवकर बाहेर येत नाही. मार्च २०१८ मध्ये सुरू झालेल्या अस्मिता योजनेत जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या मुलींना पाच रुपयांत सॅनिटरी नॅपकिनचे पाकीट मिळू लागले. पण ते पाकीट मागायचे कुणाकडे, वापरलेले टाकायचे कुठे, हे प्रश्न मुलगी मुख्याध्यापकांना विचारणार नाही. ती आहार शिजवणाऱ्या ताईंना विचारेल, नाहीतर आशाताईंना. सिस्टरांनी शाळेत आल्यावर ऑफिसआधी चुलीपाशी जाऊन बसावे, ते यासाठी.

काही आजार मावळच्या मातीतलेच आहेत. इथे भात आहे, गवत आहे, दगडाच्या ताली आहेत आणि लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. साप आणि विंचू वर्गाच्या उंबऱ्यापर्यंत येतात. घाटाखाली, महाडच्या परिसरात, डॉ. हिंमतराव बावस्करांनी कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे साधे, स्वस्त औषध लागू पडते हे दाखवले आणि पूर्वी दर दहांतले चार जण दगावत तिथे मृत्यू नगण्य झाले. पण औषधापर्यंत मूल वेळेत पोहोचायला हवे. साप चावलेल्या मुलाचा पाय दोरीने करकचून बांधायचा नाही, जखमेला चिरा द्यायचा नाही, त्याला चालवायचे नाही, पाय हलू न देता गाडीत घालून थेट रुग्णालयात न्यायचे. फिट आलेल्या मुलाच्या नाकाला चप्पल किंवा कांदा लावायचा नाही, दातांत चमचा घालायचा नाही, कुशीवर वळवायचे, घड्याळ पाहायचे, पाच मिनिटांवर गेले तर १०८ ला फोन करायचा. एवढी माहिती सिस्टर एका दुपारी, शाळेच्या सतरंजीवर, एखाद्या पोराला रोगी करून, हसतखेळत शिकवू शकतात. एकदा हात लावून केलेले माणूस विसरत नाही. परिपत्रक विसरते.

आणि एक नाजूक बाब. सगळ्यांदेखत 'हिच्या डोक्यात उवा आहेत' असे म्हटले की ती मुलगी आठवडाभर शाळेत येत नाही. पाठीवर फिकट, बधिर चट्टा आढळलेल्या मुलाविषयी वर्गात कुजबूज झाली तर त्याचे बाक रिकामे होते. सिस्टरांनी शिक्षकांना काय सांगावे आणि काय सांगू नये, याला एक मर्यादा हवी. आजाराचे नाव सांगायची दर वेळी गरज नसते. 'याला पुढच्या बाकावर बसवा', 'हिला लघवीला जायला अडवू नका', 'याच्या दप्तरात खाऊ असू द्या, भूक लागली म्हणाला तर तासातही खाऊ द्या', एवढे पुरते. इन्शुलिनवर असलेल्या मुलाच्या बाबतीत शेवटचे वाक्य जिवाचे असते. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१७ मध्ये मधुमेही मुलांना परीक्षेच्या दालनात खाऊ नेण्याची मुभा दिली. जे परीक्षेत चालते ते रोजच्या वर्गात चालायलाच हवे.

जपानने यापुढचे पाऊल टाकले आहे. १९०५ मध्ये गिफू प्रांतात खुपऱ्यांच्या साथीसाठी शाळेत परिचारिका नेमली गेली. १९४१ मध्ये तिला शिक्षकाचा दर्जा मिळाला आणि १९४७ च्या शालेय शिक्षण कायद्यात ती शाळेच्या रचनेत कायमची बसली. ती शिक्षकांच्या खोलीत बसते, शिक्षकांच्या बैठकीत बोलते, तिची स्वतःची आरोग्यखोली असते, आणि पोट दुखते म्हणून येणारे मूल खरे तर घरच्या भांडणाने आलेले आहे हे ती ओळखते. ती पाहुणी नाही. मावळातल्या प्रत्येक शाळेला असे पद उद्या मिळणार नाही. पण महिन्यातला एक ठरलेला दिवस सिस्टरांची खुर्ची शिक्षकांच्या टेबलाशी लागणे, याला नवे पद लागत नाही आणि नवा निधीही लागत नाही. केंद्रप्रमुख आणि वैद्यकीय अधिकारी यांनी जूनमध्ये एकदा वेळापत्रक मांडले की पुरे.

सगळ्यात मागे राहतात ती कातकऱ्यांची मुले. दिवाळी झाली की वीटभट्ट्या पेटतात आणि वाडीच्या वाडी उठून जाते. ऑगस्टमध्ये शाळेत तपासलेल्या मुलाला फेब्रुवारीत कुणी शोधणार नाही. रक्त कमी म्हणून सुरू केलेल्या गोळ्या मध्येच तुटतात, औंधची तारीख निघून जाते. राज्याने स्थलांतरित मुलांसाठी 'शिक्षण हमी कार्ड' काढले, म्हणजे मूल जिथे जाईल तिथल्या शाळेने त्याला बसवून घ्यावे. त्या कार्डाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर सिस्टरांच्या हाताने चार ओळी लिहिल्या जाव्यात: वजन, उंची, राहिलेल्या लसी, पुढे कुठे दाखवायचे. मूल मुळशीच्या भट्टीवर गेले तरी तिथल्या सिस्टरना ते वाचता येईल. हे काम एका बॉलपेनचे आहे.

आदिवासी मुलांसाठीच्या राज्यातल्या निवासी आश्रमशाळांमध्ये पंधरा वर्षांत हजारावर विद्यार्थी दगावल्याची नोंद डॉ. सुभाष साळुंखे यांच्या समितीने २०१६ च्या अहवालात केली. मूल चोवीस तास शाळेच्या ताब्यात असते तिथे ही गत असेल, तर अधीक्षक आणि परिचारिका यांच्यात रात्री अकरालाही बोलणे व्हावे, अशी व्यवस्था असायलाच हवी. आश्रमशाळा मावळातही आहेत, त्यामुळे हा अहवाल दूरच्या जिल्ह्यांचा म्हणून बाजूला ठेवता येणार नाही.

१० मार्च २०२२ रोजी, सावित्रीबाईंच्या स्मृतिदिनी, शासनाने शाळाशाळांत 'सखी सावित्री' समित्या नेमण्याचा निर्णय काढला. मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठी असलेल्या या समितीत पालक आहेत, अंगणवाडी सेविका आहे, वैद्यकीय क्षेत्रातील स्त्री प्रतिनिधीलाही जागा आहे. ज्या गावात डॉक्टर बाई नाहीत, तिथे ही जागा रिकामी ठेवू नका. सिस्टरांना बोलवा. त्यांना चहा द्या, हजेरीपट त्यांच्यासमोर उघडा आणि गेल्या महिन्यात पाचपेक्षा जास्त दिवस न आलेल्या मुलांवर बोट ठेवत खाली या. प्रत्येक नावापाशी थांबा आणि ते मूल का आले नाही हे दोघांनी मिळून शोधा.

जूनमध्ये शाळा उघडतील. इथे बसलेल्या मुख्याध्यापकांना एवढीच विनंती आहे, की पहिल्या दिवशी फळ्याच्या कोपऱ्यात पटसंख्या लिहाल, तेव्हा तिच्याखाली उपकेंद्राच्या सिस्टरांचे नाव आणि फोन नंबर लिहा, आणि तो वर्षभर पुसू नका. आणि इथे बसलेल्या सिस्टरांना विनंती आहे, की फोन आला नाही तरी जुलैच्या पहिल्या आठवड्यात स्वतः शाळेत जा, आणि त्या पांढऱ्या पेटीची किल्ली मागा.